फूटपाथाचा मधला तुकडा

किलरॅन,
लेटरकेनीच्या जरा अलीकडे, आयर्लंड
१० मार्च २०१९

ती. स्व. शिरीषदादास,

धाकट्या वसुधाचा वाकून नमस्कार (मनातल्या मनात, कारण हीटरपासून उठवत नाही). तुझा गुडघा जिना चढू देतो का? तू बाहेरगावी गेलास की नंदावहिनीचं ब्लडप्रेशर आपोआप उतरतं, हे तुमच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं का, की अजून तिचं मीठच तोडताहेत? आम्ही सगळे इथे ग्रँड आहोत. (इथे अंगात ताप असला, पाय प्लास्टरमध्ये असला तरी माणूस ग्रँडच असतो. हेमचंद्र लेटरकेनीच्या हॉस्पिटलात पेशंटला कसं वाटतंय विचारतो, तो ग्रँड म्हणतो, की हा घाबरून लगेच त्याचा ईसीजी काढतो.)

मागच्या फोनवर तू म्हणालास, "तुमच्याकडे कसल्या गं निवडणुका, चार गोरे कोट घालून हवापाण्यावर बोलणार." दादा, तू दोनदा नगरसेवक झालास आणि तिसऱ्यांदा पडलास, त्यामुळे या विषयातला तुझा अधिकार मोठा आहे. पण हे वाक्य मला लागलं. म्हणून मागच्या, म्हणजे २०१४ च्या, काउंटी कौन्सिलच्या निवडणुकीची हकिकत सविस्तर लिहिते. चष्मा लाव आणि वहिनीला चहा टाकायला सांग (किंवा एकदा तूच टाक, तिचं प्रेशर बघायला मजा येईल).

पहिली गोष्ट, इथे कौन्सिलच्या निवडणुकीत जो इथे राहतो त्याला मत असतं, पासपोर्ट कुठलाही असो. आपल्याकडे मी बावीस वर्षं यादीत नाव शोधलं आणि दर वेळी माझ्या जागी कुणी वसंतराव निघाले. इथे नाव घातलं आणि ते चक्क सापडलं! दुसरी गोष्ट, इथे शिक्का नसतो. उमेदवारांच्या नावांपुढे आपल्या आवडीने एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. तिसरी म्हणजे भोंगे नाहीत, जीप नाही, गुलाल नाही. उमेदवार स्वतः भिजत भिजत दारात येतो, त्रास दिल्याबद्दल आधी माफी मागतो आणि मग "तुमचं नंबर वन मला मिळेल का?" असं इतक्या गरीब आवाजात विचारतो, की त्याला मताच्या आधी टॉवेल द्यावासा वाटतो.

आता माझा स्वार्थ सांगते. आमची वसाहत गावाबाहेर आहे. गावात जायला एकच रस्ता, आणि त्याला फूटपाथ नावाची गोष्ट नव्हती. एका बाजूला काटेरी कुंपण, दुसऱ्या बाजूला चर आणि मधून दुधाचे टँकर. इथे गाडी नसलेला माणूस म्हणजे पाय नसलेला माणूस, आणि ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मी तीनदा नापास. पहिल्यांदा फार हळू चालवली म्हणून. दुसऱ्यांदा मेंढ्यांना हॉर्न दिला म्हणून. तिसऱ्यांदा गाडी मागे घेताना मी परीक्षकाला म्हटलं, जरा खाली उतरून मागे बघता का, आणि "येऊ द्या, येऊ द्या" म्हणा. (यात गैर काय ते मला आजतागायत कळलेलं नाही. आपल्याकडे रस्त्यावरचा कुणीही हे न सांगता करतो.) तेव्हापासून कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा मी हेमचंद्रच्या ड्यूटीवर अवलंबून. दवाखाना, लायब्ररी, मैत्रीण, सगळं त्याच्या सवडीने. पन्नाशीच्या बाईला नवऱ्याची परवानगी लागत नसेल, पण नवऱ्याची गाडी लागते, हा फरक फार बारीक आहे रे. म्हणून त्या निवडणुकीत मला देश, धर्म, पक्ष काही नको होतं. मला फूटपाथ हवा होता.

शेवटच्या दोन जागांसाठी आमच्या भागात तिघांची झटापट होती. पहिले गॅलाहर, वीस वर्षं कौन्सिलर, धंदा अंत्यविधीचा. (गावातल्या प्रत्येक घराशी त्यांचा कधी ना कधी संबंध येतोच, त्यामुळे त्यांना कुणी दुखवत नाही.) त्यांना कुठलंही काम सांगा, ते खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "लीव्ह इट विथ मी." म्हणजे त्या कामाचाही अंत्यविधी झाला असं समजायचं. दुसरा कीरन, तरुण, इस्त्रीचा सूट, हातात टॅबलेट. तिसऱ्या नोरीनबाई. चाळीस गाई, दोन ट्रॅक्टर, पक्ष नाही, आणि आवाज असा की माइक लाजावा.

तिघेही आठवड्याभरात दारात येऊन गेले, आणि मी तिघांनाही म्हटलं, "हो हो, नंबर वन तुम्हालाच!" आता यात मी एकटी नव्हते. आपल्या लोकांना दारात आलेल्याला तोंडावर नाही म्हणता येतं का? गावात आम्ही मराठी बायका नऊ जणी, बहुतेक डॉक्टर किंवा डॉक्टरांच्या. पैकी लहान मुलांची डॉक्टर पद्मिनी तर अशी मृदू, की तिने कीरनला देवासमोर साखर ठेवून शब्द दिला, गॅलाहरना दुसऱ्या दिवशी तीच साखर प्रसाद म्हणून दिली, आणि नोरीनबाईंना उरलेल्या साखरेचा चहा. इथले लोकही सगळ्यांना हो म्हणतात, पण ते "वुई'ल लुक आफ्टर यू" असं म्हणतात, ज्यातून वकिलालाही काही सिद्ध करता येणार नाही. आपण शपथेवर जातो.

त्यातच चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. मी विचार केला, तू नाही का प्रत्येक निवडणुकीआधी वहिनीला हळदीकुंकू करायला लावायचास आणि स्वतः सहज डोकावल्यासारखा दारात उभा राहायचास, तसंच करू. तिघांनाही बोलावलं. मला वाटलं, एखादा येईल, आलाच तर तासाभराने येईल. दादा, मी विसरले की या देशात चारला बोलावलं की माणूस चारला येतो. बरोबर चारला बेल वाजली आणि दारात तिघे एकाच छत्रीखाली! प्रत्येकाचा समज असा, की हा मेळावा माझ्या समर्थकांचा आहे आणि बाकीचे दोघे बिचारे उगीच आलेत. तिघेही मला आळीपाळीने डोळा मारत होते. हेमचंद्र तेव्हा घरी होता, त्याने एवढंच पाहिलं आणि तो गॅरेजमध्ये गेला.

कैरी मिळाली नव्हती, म्हणून डाळ मी रुबार्बची केली होती. (रुबार्ब म्हणजे लाल देठांची आंबट भाजी. इथले लोक तिचा मुरंबा करतात. डाळीत ती बरी लागते, फक्त रंगाकडे बघायचं नाही.) गुलाबपाणी शिंपडल्यावर गॅलाहरांनी सवयीने कॉलर वर केली. अत्तर हाताला लावल्यावर मात्र त्यांनी तीनदा वास घेतला आणि धंद्याच्या कामासाठी कंपनीचं नाव विचारलं. नोरीनबाईंना हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. त्यांनी स्वेटर पुढे धरून नारळ, तांदूळ, भिजवलेले हरभरे सगळं रीतसर घेतलं आणि हरभरे कालवडींना चालतील का, असं अगदी मनापासून विचारलं. कीरनने डाळीचा एक घास खाल्ला, "इंटरेस्टिंग" म्हणाला, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून उरलेली डाळ कागदी रुमालात गुंडाळून सुटाच्या खिशात घातली. लक्ष नऊही जणींचं होतं.

मग मी विषय काढला. बजेटात फूटपाथ का नाही? कीरनने टॅबलेटवर रंगीत वर्तुळ दाखवलं, त्यात रस्त्यांची फोड एवढी, दिव्यांची एवढी, लायब्ररीची चिमूटभर. गॅलाहर म्हणाले, पैसे डब्लिनहून येतच नाहीत. (दादा, मला क्षणभर माहेरी आल्यासारखं वाटलं. तू अगदी ह्याच सुरात मुंबईचं नाव घ्यायचास.) नोरीनबाई म्हणाल्या, पैसे आले होते, पण त्यातून गावाच्या तोंडाशी ते वर्तुळाकार बेट केलं आणि त्यावर ट्यूलिप लावले. गॅलाहर म्हणाले, ट्यूलिपला लोकांची मागणी होती. नोरीनबाईंनी विचारलं, मागणी जिवंत लोकांची होती का? अशी रंगात आलेली चर्चा, आणि नेमकं तेव्हाच पद्मिनीला वाटलं, कार्यक्रम झाला म्हणजे आभारप्रदर्शन हवं. ती उभी राहिली, पदर सारखा केला, तिघांचे आभार मानले आणि म्हणाली, "आम्ही तिघांनाही खात्री देतो, की आमची सर्व नंबर वन मतं तुम्हालाच आहेत."

दादा, मी गौरीकडे बघायला लागले. सगळ्यात आधी गॅलाहर हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, मग नोरीनबाई मांडीवरचा नारळ धरून हसायला लागल्या. गॅलाहर म्हणाले, "वीस वर्षं या गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात मला हेच सांगताहेत, पण तिघांना एकत्र बसवून सांगायचा प्रामाणिकपणा आजवर कुणी केला नव्हता!" पद्मिनीला वाटलं, आपलं भाषण आवडलं.

त्यानंतर सगळ्यांचीच भीड चेपली. नोरीनबाई उठल्या, म्हणाल्या, चला, तो रस्ता बघूनच येऊ. आणि भर पावसात आम्ही निघालो. पुढे त्या, कपाळाला कुंकू, हातात नारळ. मागे पैठण्या खोचलेल्या नऊ बायका, मग टॅबलेटवर छत्री धरलेला कीरन, शेवटी काळ्या कोटात गॅलाहर. (समोरून येणाऱ्या दोन गाड्यांतल्या लोकांनी त्यांना बघून बाजूला थांबून टोपी काढली.) पुलापाशी दुधाचा टँकर आला आणि लोकशाही एका झटक्यात काटेरी कुंपणात गेली. गॅलाहरांचा एक बूट चरात राहिला. तिथेच, एका पायावर उभं राहून, त्यांनी तह मांडला. इथे प्रत्येक कौन्सिलरला आपल्या भागात खर्चायला थोडा निधी मिळतो, तुझ्या वॉर्डनिधीसारखा. एकाच्या निधीत अख्खा फूटपाथ बसत नाही. तेव्हा वसाहतीपासून पुलापर्यंत नोरीनबाई, पुलापासून गॅलाहरांच्या दुकानापर्यंत कीरन, आणि तिथून चौकापर्यंत स्वतः गॅलाहर. तिघांनी ओल्या हातांनी हात मिळवले. (तिघांत जागा दोनच आहेत, हे त्या पावसात कुणालाच आठवलं नाही.) इतका आनंद मला दहावीच्या निकालाचाही झाला नव्हता.

मतदान झालं. आम्ही नऊ जणींनी आपसात अवाक्षरही काढलं नाही, गुप्त मतदान ना. निकाल लागला. गॅलाहर आले, नोरीनबाई आल्या, कीरन पडला. पाच मतांनी. मग हळूहळू बाहेर आलं, की आम्ही नऊही जणींनी, कुणी कुणाला न सांगता, त्याला तीन नंबर दिला होता. खिशातली डाळ कुणीच विसरली नव्हती.

दोघांनी मात्र शब्द पाळला. वसाहतीपासून पुलापर्यंत सुरेख फूटपाथ झाला. गॅलाहरांच्या दारापासून चौकापर्यंत त्याहून सुरेख, वर बाक. मधे, जिथे टँकर वळतात, तिथे कीरनचा तुकडा, म्हणजे काही नाही. तर गेली चार वर्षं मी पुलापर्यंत ऐटीत चालत जाते आणि तिथे थांबते. सुरुवातीला हेमचंद्र गाडी घेऊन यायचा आणि मला तेवढ्या तुकड्यापुरतं पलीकडे नेऊन सोडायचा. नंतर गावालाच कळलं. आता जो कुणी जात असेल तो थांबतो, "हॉप इन, वासूढा" म्हणतो. पोस्टमन, दाई, शाळेचे हेडमास्तर, एकदा तर गॅलाहरांची ती लांब गाडी (पुढच्या सीटवर, घाबरू नकोस). आणि त्या तुकड्यात जो तो आपलं सांगतो. कुणाचा दिवा बंद, कुणाचं गटार तुंबलेलं, कुणाच्या लायब्ररीची वेळ कमी केलेली. या गावाचं मला जेवढं माहीत आहे तेवढं कौन्सिलच्या इंजिनिअरला नाही.

तर असं आहे आमचं हवापाणी. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. मे महिन्यात तुम्ही दोघं येताय ते पक्कं धरते.

तुझी,
वसुधा

ता. क. येताना मेतकूट आण, आणि तुझं ते खादीचं जाकीट आण. दारोदार फिरायला पावसाळी बूट मी इथे घेऊन ठेवते. नवव्या नंबरचे ना?

ता. ता. क. लिहायचं राहिलं. येत्या मे महिन्यातल्या निवडणुकीला मी उभी राहतेय. अपक्ष. लिफ्ट देणाऱ्यांनीच गळ घातली. हेमचंद्रला अजून बोलले नाही, गॅरेजमधले खोके गौरीच्या सजावटीचे आहेत असं त्याला वाटतं. (त्यात माझे चारशे फोटो आहेत. इथे उमेदवाराचे फोटो दिव्यांच्या खांबांवर टांगतात.) तुझं तो ऐकतो, तेव्हा रविवारी तू त्याला फोन कर आणि सांग, वसुधा निवडून आली की मधला तुकडा होईल आणि तुला जन्मात पुन्हा गाडी काढावी लागणार नाही. तो स्वतः शिडी घेऊन खांबावर चढेल.

ता. ता. ता. क. हे मात्र त्याला सांगू नकोस. काल जाहीरनामा लिहायला बसले, पहिल्या ओळीत 'फूटपाथ' लिहिलं आणि हात थांबला. तो तुकडा झाला तर मला गाडीत कोण बसवणार, आणि गप्पा कोण मारणार? बराच विचार करून पहिल्या क्रमांकावर लायब्ररीची वेळ घातली, दुसऱ्यावर दिवे, तिसऱ्यावर गटारं. फूटपाथ सातवा आहे, आणि बजेट सहापर्यंतच पुरेल असा माझा अंदाज आहे.