निजामाचं न निघालेलं तिकीट

३ फेब्रु., मंगळ. नांदेड
डोकं फिरलंय. लिहून काढतो.
बायकोनं तिकीट लॅमिनेट करून आणलं! आधार कार्डं, रेशन कार्ड आन् त्याच गठ्ठ्यात निजामाच्या टपालाचं ते नमुना-तिकीट. झेरॉक्सवाल्यानं गरम मशीनमधून काढलं. चकचकीत.
म्हणे, "तुम्हीच म्हणले ना, घरात ह्याच्याहून मोलाचा कागद न्हाई? मग वाळवी लागू द्यायची का?"
काय बोलावं ह्या बाईला. जेवलो नाही.

४ फेब्रु.
राग उतरंना. "दिसतंय की तसंच!" म्हणते. दिसतंय गं, पण मेलं ते. मागचा कागद, हाताला लागणारी जाडी, सगळं गेलं. छापून दरबारात दाखवलं, नापसंत झालं, पोस्टात आलंच नाही. आलेली ढिगानं मिळतात. हे दुसऱ्या कुणाकडं बघितलं नाही मी. किमतीची चौकट कोरीच. त्या कोऱ्या चौकटीवर जीव माझा.
आन् माझं तरी कुठंय? लातूरच्या शेख सरांचं. पोरांना कदर नाही म्हणून मला सांभाळायला दिलेलं.

६ फेब्रु.
सरांचा फोन. रविवारी तिकडं तिकिटांचं प्रदर्शन. "घेऊन या. लई दिवस झाले बघून."
"हाव" म्हणलो. लॅमिनेशनचं न सांगताच फोन ठेवला.
बायकोवर परत ओरडलो. तीही ओरडली, "साध्या पाकिटात ठेवलं कुणी? मोठे आले सांभाळणारे!"

७ फेब्रु.
हैदराबादला जुने कागद दुरुस्त करणारा एक आहे, त्याला फोटो पाठवला. प्लास्टिक सोलता येईल, पण शाई संगं निघंल का, ते सोलल्यावरच कळंल. वा! मेहरबानी.
बायको म्हणे, "मी केलं, मीच सांगते सरांना."
"गप घरी बस."

८ फेब्रु., रवि.
आलीच. बसमधे मी तिच्यापासून लांबच्या सीटवर बसलो.
तिनंच सांगितलं, सगळं. सरांनी भिंग लावून बघितलं. उलटं केलं, परत सुलटं केलं. मग कपाटात ठेवून कुलूप लावलं.
"भाभी, तुम्हाला काय माहीत असणार! ह्यांनी कधी समजावून सांगितलंच नसंल." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.
सोलून घेणार का, विचारलं. "बघू," म्हणाले. चहा पाजला. प्रदर्शनाला तिघंही गेलो नाही.
परतीच्या बसमधे ही हळूच, "परत देतील का हो ते तुम्हाला?"
"मला काय माहीत!" असा ओरडलो की कंडक्टरनं वळून बघितलं.