राहिलेली एक फेरी

प्रिय डॅड,

अक्षर जरा हललेलं दिसेल. टेबल जवळ नाही, कागद मांडीवर ठेवून लिहितोय. शब्द मात्र प्रत्येक वाक्यानंतर परत वाचून तपासले आहेत, तेव्हा चुका शोधायचे कष्ट घेऊ नकोस. 'पोराने शाळा सोडली, पण फळ्यासमोर उभं राहायची भीती काही सोडली नाही,' असं तू तुझ्या दुसऱ्या लग्नाच्या जेवणात रोझलिंडच्या भावांना सांगितलं होतंस आणि सगळे हसले होते. मीही हसलो होतो. शुद्ध लिहायला मला आईने शिकवलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बटाटे सोलता सोलता. तिचा विषय या पत्रात येणार आहे. मध्येच थांबू नकोस.

आधी तुझ्या मिजेट गाडीची बातमी. चार वर्षांपूर्वी तू रोझलिंडकडे राहायला गेलास. तिच्या गॅरेजला ओल येते म्हणून गाडी माझ्याकडे ठेवलीस आणि निघताना फाटकातून परत येऊन बजावलंस, 'महिन्यातून एकदा सुरू कर. चाकांतली हवा बघ. ताडपत्री नीट घाल. आणि जोएल, पाना लावायचा नाही. एकही नट जागचा हलता कामा नये.' हिरवी, दोन माणसांची, कमरेइतकीही उंच नसलेली गाडी. तू नऊ वर्षांचा असताना कारखान्यातून निघालेली. 'इंजिनावरचा नंबर आणि कागदांवरचा नंबर एकच,' हे तू पबमध्ये अनोळखी माणसालाही त्याची बिअर यायच्या आत ऐकवायचास. आणि जुन्या गाडीत नवं इंजिन घालणाऱ्यांबद्दल तुझा ठरलेला विनोद होता: 'आजीला मिनीस्कर्ट घालून नाचायला नेतात लेकाचे.'

तर डॅड, तुझ्या आजीला मी मिनीस्कर्ट घातला आहे.

गेल्या हिवाळ्यात मी बॉनेट उतरवलं आणि तुझं ते ओतीव लोखंडाचं मूळ इंजिन साखळीने वर काढलं. निघताना फार कुरकुर केली नाही त्याने. आता ते शेजारच्या मिसेस प्रॉसरच्या परसात आहे, उघड्यावर, पावसात. कोंबड्या त्याच्यावर बसतात. जिथे कार्ब्युरेटर होते त्या बाजूला एक पांढरी कोंबडी नेमाने अंडी घालते. नंबराची पट्टी मी छिन्नीने सोडवली आणि खुराड्याच्या दारावर ठोकली. मिसेस प्रॉसर दोन पावलं मागे जाऊन बघून म्हणाल्या, 'छान दिसते हो. आता पोस्टमनला घर सापडेल.' हे वाचून तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला इथून दिसतंय. मी हिवाळाभर त्या चेहऱ्यावर काम केलं आहे.

नवं इंजिन भंगारवाल्याकडच्या एका छोट्या घरगुती गाडीतलं आहे. तिची मालकीण दर गुरुवारी लायब्ररीत जायची, बाकी आठवडाभर गाडी उभी. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, आणि चौदाशे सीसीच्या आत, म्हणजे शर्यतीतल्या तुझ्याच वर्गात बसणारं. याहून मोठं सहज मिळत होतं, पण मला तुझाच वर्ग हवा होता. ॲल्युमिनियमचं असल्यामुळे मी आणि मिसेस प्रॉसरचा जावई, आम्ही दोघांनी ते हातांवर उचलून बाकावर ठेवलं. लायब्ररीवाल्या बाईंच्या गाडीत ते आडवं बसायचं, मिजेटमध्ये लांबीच्या रेषेत बसवायचं. तसं फिरवलं की पाण्याची नळी निघते ते टोक मागे जातं, आणि मागे तुझ्या गाडीची, इंजिन आणि आपले पाय यांच्यामधली पत्र्याची भिंत येते. मी खडूने रेघ मारली, परत मोजली, परत मारली, आणि भिंत कापली. कापलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही हे मला माहीत होतं. म्हणूनच इतका नीट कापला. खालचं तेलाचं पात्र स्टिअरिंगला घासत होतं, ते कापून उथळ केलं, आणि आत उभ्या पट्ट्या जोडल्या, म्हणजे लांब वळणावर तेल एका अंगाला पळून इंजिन कोरडं पडू नये. प्रत्येक नट घट्ट केल्यावर त्याच्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचो, घरी जायचो, आणि ठिपका दिला की नुसतं वाटलं या काळजीने परत यायचो. तू याला घाबरटपणा म्हणायचास. असेल. पण माझा एकही नट सैल निघाला नाही.

तुला वाटत असेल, पोराला वेगाचं वेड लागलं. नाही. मला आजही शर्यतीच्या टेकडीच्या पायथ्याशी गाडी लावली की उतरून पळावंसं वाटतं. मला फक्त एक पितळी पट्टी हवी होती. ऑल्डर बँकच्या क्लबहाउसमधल्या फळ्यावर, चौदाशे सीसीच्या वर्गात टेकडी सगळ्यांत कमी वेळात चढणारा म्हणून तुझं नाव आहे: डी. गार्बेट. बारा वर्षं ते कुणी हलवलेलं नाही. आणि ते हलवायची रीत तूच नव्या पोरांना चवीने सांगायचास: ज्याचा विक्रम मोडला त्यानेच स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, सगळ्यांसमोर आपल्या हाताने आपली पट्टी काढायची आणि वर सगळ्यांना चहा पाजायचा. मोडणाऱ्याने तोंडातून शब्द न काढता बघत उभं राहायचं. मला बघत उभं राहायचं होतं.

गेल्या ऑक्टोबरपर्यंत त्या पट्टीचा मला अभिमान होता, हेही सांगतो. क्लबच्या वर्षअखेरच्या जेवणाला मी गेलो होतो. माझ्या शेजारी विल्फ बेडोज बसला होता. तोच, जो सुरुवातीच्या रेघेवर गाडी मागे घरंगळू नये म्हणून चाकामागे लाकडी ठोकळा लावतो. त्याला दोन पेले चढले होते आणि मी तुझा मुलगा म्हणून त्याला माझ्यावर माया आली होती. माझ्या पुडिंगवर आपल्या हाताने कस्टर्ड ओतत तो म्हणाला, 'तुझा बाप म्हणजे पोलाद रे पोरा! त्या दिवशी ऑफिसातून निरोप घेऊन मीच धावत गेलो होतो. म्हटलं, डेस, बायकोला, ग्लेनिसला हॉस्पिटलात नेलंय, लगेच बोलावलंय. त्याची दोनांतली पहिली फेरी झाली होती. हेल्मेटचा पट्टा आवळत मला म्हणतो कसा, विल्फ, एक फेरी राहिली आहे! आणि काय फेरी मारली म्हणतोस! तीच ती, फळ्यावरची. असं काळीज पाहिजे माणसाला. आणखी घे ना कस्टर्ड.'

मी कस्टर्ड घेतलं. सगळं खाल्लं. घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या गाडीवरची ताडपत्री काढली.

कारण तू मला काय सांगितलं होतंस, आठवतं? 'निरोप मिळाला तसा निघालो रे, पण रस्त्यात पुढे ट्रॅक्टर होते.' मी चौदा वर्षांचा होतो. आई सिंकपाशी कोसळली तेव्हा घरात मी एकटा होतो, रुग्णवाहिकेत तिच्याबरोबर मी एकटा होतो. हॉस्पिटलात ती आधी मला विचारायची, 'डेस आला का?' मग नर्सला विचारायची. दार वाजलं की विचारायची. मग विचारायचं सोडून ती नुसती दाराकडे बघत राहिली. अगदी शेवटी ती एक वाक्य बोलली. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण ज्याने विचारायला हवं होतं त्याने विचारलं नाही. तू आलास तेव्हा चादर वर ओढलेली होती. मी खिडकीतून तुझी गाडी आत येताना पाहिली होती; दारावर शर्यतीचा नंबर पांढऱ्या चिकटपट्टीत तसाच होता. मला वाटलं, किती घाईने आलाय बिचारा, नंबर काढायलाही थांबला नाही. डॅड, ही गोष्ट मी बारा वर्षं लोकांना सांगत आलो. तुझं आईवर किती प्रेम होतं याचा दाखला म्हणून. मावशी तुला नावं ठेवायची तेव्हा तिला सांगितली. जिच्याशी लग्न करावंसं वाटलं त्या मुलीलाही सांगितली. ती ऐकून रडली होती.

आता आजचं. आज ऑल्डर बँकची या मोसमातली पहिली शर्यत होती. माझी पहिली फेरी बरी झाली. तिसऱ्या वळणावर मी लवकर ब्रेक दाबला, तू हसला असतास. जेवणाच्या सुट्टीनंतर हेल्मेट घालत होतो तेव्हा रोझलिंडचा फोन आला. 'जोएल, डेसच्या छातीत कळ आली, हॉस्पिटलात आणलंय. उद्या सकाळी ऑपरेशन म्हणतात. शुद्धीवर आहे रे, सारखं तुझंच नाव घेतोय. निघतोस ना बाळा?' हे मी घडवून आणलेलं नाही, डॅड. असलं काही मागायचं मला सुचलंही नसतं. ते आपणहून माझ्या हातात आलं. मी म्हणालो, 'रोझलिंड, एक फेरी राहिली आहे.' हे वाक्य मला म्हणता येणार नाही असं वाटलं होतं. सहज आलं, तुझ्याच आवाजात.

विल्फ ठोकळा घेऊन बाजूलाच उभा होता. त्याने विचारलं, 'कोण आजारी आहे?' मी म्हणालो, 'डॅड.' त्याचं तोंड उतरलं. 'अरे मग जा ना पोरा. टेकडी कुठे पळून जातेय का?' मी त्याला विचारलं, 'हे तू त्याला का नाही म्हणालास, विल्फ?' म्हातारा खाली वाकला, चाकामागे ठोकळा लावला आणि बाजूला झाला. मला पोलाद वगैरे म्हणाला नाही. दिवा हिरवा झाला आणि मी निघालो.

आता मी कुठे आहे ते सांगतो. हॉस्पिटलच्या गाड्या लावायच्या जागेत, तुझ्याच मिजेटमध्ये बसलोय. दारावर नंबर तसाच आहे. तो घाईत राहिलेला नाही, मी ठेवलाय. हे पत्र रोझलिंड तुला वाचून दाखवेल, तुझा चष्मा घरी राहिलाय असं ती म्हणाली. माझ्या दुसऱ्या फेरीला किती वेळ लागला ते या पत्रात कुठेही नाही. पुन्हा वाचून घेतलंस तरी सापडणार नाही. रोझलिंडला माहीत नाही, आणि विल्फकडून मी न बोलायचं वचन घेतलंय. फळ्यावर तुझं नाव आहे की नाही, हे न कळता तुला आजची रात्र काढायची आहे, आणि सकाळी ऑपरेशनच्या टेबलावर जायचं आहे. पत्र लिहिलं ते यासाठी. आणि आणखी एका गोष्टीसाठी. रोझलिंडला मी सांगितलंय की वाचून झाल्यावर तुझ्या तोंडून पहिला प्रश्न जो निघेल तो खाली येऊन मला जसाच्या तसा सांग. फेरीची वेळ विचारलीस तर मी गाडी सुरू करेन. हे इंजिन एका झटक्यात सुरू होतं, तुला वर ऐकू येईल. आई शेवटी काय म्हणाली असं विचारलंस, तर मी वर येईन आणि सांगेन. आठ वाजेपर्यंत भेटायला सोडतात. तोवर मी दाराकडे बघत बसलो आहे.

तुझाच मुलगा,
ग्लेनिसचा जोएल