लाल खुणेची मेंढरं

मंगळवार, संध्याकाळ. माजलगाव.

त्या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचा आज इतका राग आलाय की तव्यावरची भाकरी करपली तरी कळलं नाही. पंधरा दिवस आमच्याकडं राहिला, आबांच्या मेंढरांमागं धरणाकाठी हिंडला, माझ्या हातचं जेवला. आज त्याच्या चित्रांचं पुस्तक टपालानं आलं. त्यात आमचा कळप आहे, आणि प्रत्येक मेंढराच्या पाठीवर लाल खूण!

लाल! आमची खूण निळी. लाल खूण किसनभाऊची, माझ्या चुलतभावाची. हरवलेल्या मेंढीवरून त्याच्याशी वर्षभर भांडण चालू आहे. पुस्तक बघून तो म्हणाला, "आता बोल. माझी मेंढरं तुमच्याच कळपात हायत, मी म्हनत न्हवतो?"

चित्रकाराला मेसेज टाकला. उत्तर आलं, निळा पाण्यात हरवला असता, तिथं लालच हवा होता. हवा होता! कुणाला? याचा बाप तिकडं जन्मभर मेंढ्या कातरायचा, असं त्याच पुस्तकात छापलंय. मग पाठीवरची खूण म्हणजे काय, हे याला ठाऊक नव्हतं असं मी कसं मानू?

शेवटी आबांनी खुणेच्या निळ्या रंगाचा डबा काढला आणि छापील मेंढरांच्या लाल खुणांवर बोटानं एकेक ठिपका दिला. "आता आपली झाली," म्हणाले.

मी पुस्तक लांब धरून बघितलं. मागं निळं पाणी, पुढं निळे ठिपके. कळप दिसेचना, धरणात बुडाल्यासारखा.

मेल्याचं बरोबर होतं. पण हे मी त्याला मरेपर्यंत कळवणार नाही.