पानाच्या ताटातला हापूस

प्रिय विनेश,

'प्रिय' वाचून हुरळून जाऊ नकोस. पत्राची सुरुवात अशी करतात, म्हणून लिहिलं. तुझा नंबर मी ब्लॉक केलाय, पण तुला बोलल्याशिवाय मला घास गिळवत नाही. म्हणून आज ऑफिसातून आल्या आल्या कागद घेतला.

आपला साखरपुडा आठव. आपल्या उरणकडे मांडवात पानाचं ताट फिरलं नाही तर पाहुणे वर्षभर नाकं मुरडतात. बाबा माळकरी. माझ्या मांडवात विडी, तंबाखू काय नाय, असं त्यांनी आधीच बजावलेलं. ज्या दिवशी माळ घातली त्या दिवशी त्यांनी आईची मशेरीसुद्धा गटारात फेकली होती. मग ताटात ठेवायचं काय? तुझं डोकं लगेच चाललं. तू चालवतोस त्या ट्रेलरच्या केबिनमधून तू त्या ओढायच्या रंगीत कांड्यांचा, व्हेपचा खोका आणलास आणि बडीशेपेच्या वाटीभोवती छान मांडल्यास. हापूस, लिची, कलिंगड. बाबांनी विचारलं, यात तंबाखू नाय ना रं? तू त्यांच्या पाया पडून म्हणालास, नाय बाबा, नुसती वाफ हाय. आणि बाबांनी स्वतः ते ताट मांडवभर फिरवलं. पहिली कांडी आपल्या हाताने माझ्या धाकट्या भावाला, जीवनला दिली. दाजींनी आणलंय, घे! सतरा वर्षांचं पोरगं, लाजत लाजत घेतली त्याने. आणि मी बावळट, मैत्रिणींत मिरवत होते की बघा, आमच्या ह्यांनी पोरांना गुटख्यापासून वाचवलं.

खोक्यावर निकोटीन लिहिलेलं होतं रे. बारीक अक्षरात. मी नंतर वाचलं, तू आधी वाचलं होतंस.

माझ्या भावाला कबड्डीशिवाय काही सुचायचं नाही, हे तुला माहीत होतं. चढाईला गेला की त्याचा दम संपायचा नाही, समोरचे सात जण कंटाळायचे. जिल्ह्याच्या संघात निवड, मग खेळाडू म्हणून पोलीस भरती, एवढंच त्याचं स्वप्न होतं. तू दर आठवड्याला त्याला नवा फ्लेवर पोचवत राहिलास. दाजी कसले भारी, म्हणायचा. घरात आंब्याचा घमघमाट सुटायचा आणि आई म्हणायची, पोरगं कसलं ग्वाड सेंट लावतंय! मोज्यात लपवायचा तो कांडी. झोपेतून उठला की आधी तिच्यासाठी हात जायचा.

निवडीच्या सामन्यात शेवटची चढाई त्याची होती. गडी टिपला, मागे वळला, आणि रेषेच्या दोन पावलं अलीकडे खोकला आला. दम तुटला. पंचाने बाद दिला. तो तिथेच गुडघ्यावर बसून ओकला आणि लोक हसले. पनवेलच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, फुप्फुसाला सूज आहे म्हणाले, आणि काय ओढतोस ते विचारलं. सगळं ऐकून बाबा घरी आले, माळ काढली आणि देव्हाऱ्यात ठेवली. मीच माझ्या हातानी वाटला तंबाखू, एवढंच बोलले. तेव्हापासून ते भजनाला जात नाहीत.

मी तुला फोन केला तर तू काय म्हणालास? मी काय त्याच्या तोंडात कोंबली काय? ज्याची सवय त्याने सांभाळावी. शाब्बास! तुझी अंगठी मी त्याच संध्याकाळी तुझ्या नलूआत्याच्या हाती परत पाठवली.

आता नलूआत्याच निरोप घेऊन आलीय. तुझी बहीण हेमाली दोन महिने खोकतेय, जेवत नाही, शाळेत चक्कर येऊन पडली, कुणाला काही सांगत नाही. कल्पिता वहिनीशी, म्हणजे माझ्याशी, मात्र बोलायची, तिला काही माहीत असेल तर सांग म्हणावं. माहीत आहे ना. अंगठी परत गेल्यावरही गणपतीत आली होती ती माझ्याकडे. कंपासपेटीतून लिची काढून दाखवली, तुझ्याच खोक्यातली. वहिनी, कुणाला सांगू नको हं, म्हणाली. पंधरा वर्षांची पोर, गळ्यात पडून हसत होती. मी ती कांडी काढून घेऊ शकले असते. तुझ्या आईला एक फोन करू शकले असते. आतल्या खोलीत जीवन खोकत होता, मी त्याचा खोकला ऐकला आणि हेमालीच्या केसांवरून हात फिरवून म्हटलं, नाही गं सांगत. वाईट वाटलं का? वाटलं. रात्रभर झोप नाही आली. पण दुसऱ्या दिवशीही मी फोन केला नाही, आणि तिसऱ्याही नाही. आज सांगतेय, कारण आता जीवनसारखी तिलाही ती कांडी सुटायची नाही. डॉक्टरकडे ने तिला. आणि तुझी आई रडायला लागली की तिला तेच सांग, जे मला सांगितलंस. ज्याची सवय त्याने सांभाळावी.

तुझी व्हायची राहिलेली,
कल्पिता