ड्युटी संपल्यावरचे केस

आई, तू आणि टेलिफोन एक्स्चेंजमधल्या तुझ्या मैत्रिणी, तुम्हा सगळ्यांची तक्रार एकच होती: इथली ड्युटी संपली की घरची सुरू. तीच मी आयुष्यभर सभांमधून गर्जून सांगत आले. तुला आज हळू आवाजात लिहितेय.

सगळा ताण उतरवून निवांत होण्याला इंग्रजीत ‘केस मोकळे सोडणे’ म्हणतात. ते कुठून आलं, हे परवा वाचलं. तिकडे शेकडो वर्षांपूर्वी प्रतिष्ठित घरच्या बायांनी चारचौघांत केस वर बांधूनच वावरायचं. आपल्या खोलीत परतल्यावरच पिना निघायच्या. वाचता वाचता मला तूच दिसलीस.

सत्तरनंतरचा कुठलातरी मे महिना. तू कामावरून येतेस, हेडफोनच्या पट्ट्यानं अंबाडा चपटा झालेला. न्हाऊन कूलरसमोर बसतेस, केस पाठभर पसरून. ओल्या खसाचा वास येतोय, तू डोळे मिटलेस, आणि मी दारातच थबकलेय, कारण अशी तू मला माहीतच नव्हतीस. तेवढ्यात खाप्याहून आलेली आत्या देवाजवळ दिवा लावायला उठते.

“काहून वं, दिवेलागणीले केस सोडून बसली? घरात कोनी मेलं काय?”

“कोणी मेलं नाही, वन्सं. ड्युटी संपली.”

“मंग पोळ्या काय कूलर लाटन?”

दोघी खळखळून हसलात. पण हसता हसताच तू आकडे दातांत धरलेस, केस बांधलेस आणि परातीत कणीक घेतलीस. तिकडे जो विसावा, त्याला आपण सुतक चिकटवलं. तुझे तसे मोकळे केस मग मला एकदाच दिसले, बायांनी तुला शेवटची आंघोळ घातली तेव्हा. आत्या किती वेळ त्यांतून बोटं फिरवत बसली होती.

आज मी न्हाऊन कूलरसमोर बसलेय. घरात दुसरं कोणी नाही, आणि हे पत्र माझ्या मांडीवरून कुठे जाणारही नाही, म्हणून सांगते. बायांना सगळे जाच झुगारायला सांगणारी मी. पण आत्ता शेजारच्या तुळशीपाशी दिवा लागला आणि माझा हात आपसूक मानेमागे गेला. केसांना अर्धा पीळ घालून थांबलेय. आई, एवढंच कर. स्वयंपाकघरातून एकदा ओरड, “राहू दे वं, ड्युटी संपली!”