तोंड उघडून दाखवा

बाई, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी प्रशिक्षणाच्या दिवशी तुमची आठवण येतेच. आज कर्जतला नव्या आरोग्यसेविकांचा वर्ग घेतला. आरोग्य म्हणजे नुसती गोळी आणि सुई नव्हे, लोकांना सोबत घ्या, दोष देऊ नका, निरोगी राहणं सोपं जाईल असं त्यांच्या भोवतालचं बदला, हे सगळं मी फळ्यावर लिहिलं. बाहेरच्या भिंतीवर आमचाच फलक आहे, ‘तुमचं आरोग्य तुमच्या हाती’. मागे आम्ही आरोग्यासाठी चालण्याचा कार्यक्रमही केला. दहिवलीहून रोज पायीच कामाला येणाऱ्या दोघींना फुकटच्या टोप्या मिळाल्या. त्या टोप्या घालून, हसत हसत कामाला निघून गेल्या. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात.

चौकच्या अलीकडच्या गावातली ती बैठक मला अजून स्वच्छ दिसते. तुमच्या हाताखाली येऊन मला जेमतेम तीन महिने झालेत. तुम्ही दुसऱ्या गावात लसीकरणाला गेला आहात. देवळात पंधरा-वीस बायका बसल्यात, मी भिंतीला सडलेल्या जबड्याचं चित्र लावलंय आणि मिसरी सोडा म्हणून घसा ताणतेय. कुणी लक्षच देईना, तेव्हा समोरच्या बाईला म्हणाले, “तोंड उघडून दाखवा सगळ्यांना.” तिने बिचारीने उघडलं. भाजलेल्या तंबाखूने दात काळे पडलेले, आणि गालाच्या आत एक पांढरा चट्टा. तो दिसल्यावर मला आनंद झाला होता, हे आज सांगते. “बघा, कॅन्सरची सुरुवात अशीच होते,” मी म्हणाले. ती पदर तोंडावर घेऊन उठून गेली.

उपकेंद्रामागच्या तुमच्या स्वयंपाकघरात मी हे फुशारकीने सांगितलं. भाकरी थापता थापता तुमचा हात थांबला. “ती मिसरी का लावते, हे विचारलंस का गं?” विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला घेऊन तिच्या दारात गेलात. ती हायवेवरच्या ढाब्यावर भांडी घासायची. माझ्याकडे न बघता तुम्हाला म्हणाली, “बाई, आमाला उजाडायला निघायला लागतं. दुपारशिवाय पोटाला काय मिळत नाय. मिसरी लावली का भूक मरते. पण आता मी तोंड कुणाला दाखवणार नाय. हिनं चारचौघींत माझी लाज काढली.” तुम्ही मिसरीचा विषयही काढला नाहीत. तडक ढाब्याच्या मालकाकडे गेलात, आणि कामावर आल्या आल्या बायकांना चहा-भाकरी मिळू लागेपर्यंत त्याचा पिच्छा सोडला नाहीत.

त्यानंतर तिची मिसरी बरीच कमी झाली. तोंड दाखवायला मात्र तिने आठ महिने घेतले, तेही फक्त तुम्हाला, आणि तोवर चट्ट्याची गाठ झाली होती. मुंबईला ऑपरेशन झालं. अर्धा जबडा गेला, जीव वाचला. तुम्ही मला एवढंच बोललात, “चट्टा दिसला तेव्हा तिला हाताला धरून दवाखान्यात न्यायचं होतंस.” पुन्हा कधी ते काढलं नाहीत. मीच काढत राहिले, दर वर्गात.

कारण हा किस्सा फार उपयोगी पडतो. तो ऐकून एखादी पोरगी डोळे पुसते. आज एकीने विचारलं, “मॅडम, त्या बाईला असं कुणी वागवलं?” मी नेहमीचंच उत्तर दिलं. आमच्या जुन्या नर्सबाईंनी, म्हणाले. माझ्या गोष्टीत देवळातल्या बैठकीला तुम्ही असता, आणि ढाब्याच्या मालकाशी भांडायला मी जाते. इतकी वर्षं सांगून ते आता माझ्या तोंडी इतकं बसलंय की अडखळायलाही होत नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, याचं मला बरंच वाटतंय. पुढच्या आठवड्यातला वर्ग चौकला आहे. तिथे हा किस्सा सांगणार नाही. ती बाई अजून अलीकडच्या त्याच गावात राहते.