बादलीला पडलेली मतं

३ फेब्रुवारी, सोमवार
आज घरात आलं ते: साबणाच्या चार वड्या, मीठ, सासूबाईंच्या पायासाठी मलम – हे रोख. आणि एक मिक्सर, तीन भांड्यांचा, खोक्यासकट. किंमत – काही नाही. धाकटे दीर घेऊन आले. "वहिनी, किती वर्षं हाताने वाटणार? साहेबांनी पाठवलाय." साहेब म्हणजे ते ज्यांच्याकडे कामाला आहेत ते कंत्राटदार. आपल्या वॉर्डातून निवडणुकीला उभे आहेत. फुकटचं घ्यायची सवय नाही मला. पण परतही केला नाही. हिशोबात किमतीचा रकाना मोकळा ठेवलाय.

६ फेब्रुवारी
रकाना भरला. दीर मला निवडणूक ऑफिसात घेऊन गेले. अपक्ष म्हणून माझा अर्ज. "नुसतं नाव लागतंय वहिनी. प्रचार नाही, भाषण नाही. अनामत साहेब भरतायत."
"माझंच नाव का?"
"उगाच खोलात शिरू नका."
शिरायची गरजच नव्हती. साहेबांच्या विरोधात सिस्टर उभ्या आहेत. सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. खरं नाव मला पक्कं ठाऊक, कारण माझंही तेच. आडनावही तेच – अर्ध्या वॉर्डाचं आहे. यंत्रावर दोघी एकीखाली एक येणार, घाईत माणसं चुकणार. मॅट्रिक झालेली बाई मी. न वाचता सही केली म्हणायचीही सोय नाही. वाचलं, मग केली.

१० फेब्रुवारी
सिस्टर सासूबाईंची पट्टी बदलायला आल्या. निवृत्त झाल्या तरी येतात, दर दोन दिवसांनी. पालिकेचा दवाखाना पाडून तिथे दुकानांचे गाळे काढायचा साहेबांचा बेत आहे. तो हाणून पाडायला उभ्या राहिल्यात, नाहीतर त्यांना कुठलं राजकारण.
जखम धुतली, पट्टी बांधली. हात धुताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "यादी लागलीय. उद्यापर्यंत अर्ज मागे घेता येतो."
मी म्हटलं, "चहा टाकू?"
"नको."

११ फेब्रुवारी
चपला घालून निघाले. जिन्यात दीर. "कुठे निघालात?" "भाजीला." मग भाजीच आणली. पालक, दोन जुड्या. दोन्ही सुकलेल्या.

१३ फेब्रुवारी
चिन्हं मिळाली. सिस्टरना नळ, मला बादली. दूधवाला दारातून, "काय उमेदवारबाई, निवडून आलात की आमचा भाव वाढवून द्या हो." सासूबाई आतून, "काय बरळतोय हा?" मी म्हटलं, चेष्टा करतोय. देवासमोर बसले. पोथी उघडली, पण ओळ पुढे सरकेना.

२० फेब्रुवारी, मतदान
सासूबाईंना रिक्षातून नेलं. त्यांना जेमतेम एका डोळ्याने दिसतं. वाटभर सांगत होत्या, "माझं मत सिस्टरला. पाय वाचवला तिने माझा." परतताना खूश. "नाव बरोब्बर सापडलं. वाचलं की लगेच दाबलं."
"चित्र कसलं होतं, आई?"
"चित्र कोण बघतंय? नाव बघितलं ना."
यंत्रावर माझं नाव वर होतं.
मी नळालाच दिलं. त्याने काय होतंय.

२२ फेब्रुवारी
साहेब निवडून आले. सिस्टर सदतीस मतांनी पडल्या. बादलीला एकशे बारा – एका दाराशीही न जाता.
दीर मिठाई घेऊन. "वहिनी, तुमची कृपा." आमचे हे एवढंच म्हणाले, "झालं ते झालं. घरातल्या घरात वाद नकोत." सासूबाईंना वाटलं, सिस्टर निवडून आल्या. मी नाही म्हटल्यावर हातातला तुकडा बशीत ठेवला. "मग ही मिठाई कसली?"
मी बशी उचलून आत नेली.

२४ फेब्रुवारी
वाटलं होतं, सिस्टर येणार नाहीत. आल्या. आल्या नसत्या तर बरं झालं असतं.
"आता तुम्हीच शिका," म्हणाल्या. "मी लेकीकडे चाललेय. दवाखान्याला कुलूप लागेल, ते बघवायचं नाही."
सासूबाई म्हणाल्या, "परत कधी येशील गं?"
"कोर्टात गेले तर. वकील म्हणतात, डमी उभा केला होता हे कोणीतरी सांगायला हवं. कोण सांगणार?"
पट्टी कशी गुंडाळायची ते माझा हात हातात धरून दाखवलं. एक शब्द टोचून बोलल्या नाहीत.

२ मार्च
पट्टी बदलता बदलता सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांचं मत कुठे गेलं तेही. त्यांनी पाय ओढून घेतला. "हात लावू नकोस." दुपारभर अर्धी पट्टी लोंबत होती.
संध्याकाळी आपणच पाय पुढे केला. "सही करताना नाही घाबरलीस. आता कोर्टात सांगायला कसली घाबरतेस?"

५ मार्च
सिस्टरना आज टाकलेल्या पत्राची नक्कल:
"मला कोणी आणि कशासाठी उभं केलं, ते मी कोर्टात सांगेन. दिरांचं नाव घ्यावं लागेल, तेही घेईन. ह्यांना सांगितलंय, कालपासून ते बोलत नाहीत. वकिलांना माझं नाव द्या. कधी यायचं ते उलट टपाली कळवा."